ॲम्बॅसिडर मार्क ३: रेडिएटर साफ करून आणला तरी घाटात उकळते, इंजिनच्या ब्लॉकमधला थर कसा काढायचा?

हुक्केरी_मार्क३
गाडी पेट्रोल, १४८९ सीसी. गावात तापमानाचा काटा मधोमध असतो. सुतगट्टीचा चढ लागला किंवा गोव्याहून चोर्ला घाट चढायला घेतला की लालकडे सरकतो आणि झाकणातून पाणी फेकते. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळया घालून साफसफाई) झालंय, फॅनबेल्ट नवा, टायमिंग बरोबर. आजवर बोअरचंच पाणी घातलंय. झाकणाखाली पांढरा पापुद्रा धरलाय आणि सोडलेलं पाणी विटकरी आहे. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाकूया. हेड उतरवावंच लागेल काय? संडासाचं ॲसिड घालून धुतात म्हणे, ते चालतं का?

कॅम्प_स्पॅनर
हेडला हात लावायच्या आधी हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचा संशय फेडून घ्या. इंजिन थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवा, फॅनबेल्ट काढा आणि गाडी चालू करा. मिनिटभरच, जास्त नको. पंप फिरत नसताना पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय, मग धुऊन काही उपयोग नाही. पाणी दुधी, चिकट असेल तर तेल मिसळतंय.

तसं काही नसेल तर पापुद्र्यावर लिंबूसत्त्वाचं पाणी टाका. फसफसला तर चुना. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की असे बसतात. विटकरी म्हणजे ब्लॉकचा गंज. तुमच्याकडे दोन्ही दिसतात.

आता खरी परीक्षा. या इंजिनात पाणी पुढून शिरतं आणि मागे चार नंबर सिलिंडरपाशी त्याचा वेग सगळ्यात कमी होतो, म्हणून गाळ तिथेच बसतो. काट्याचा बल्ब मात्र हेडच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे मागचा ताप काटा उशिरा सांगतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडा. रेडिएटर रिकामा होतो पण कॉकमधून थेंब येत नाही, असं असेल तर निदान झालंच म्हणा. लेझर थर्मामीटर मिळाला तर गरम इंजिनावर ब्लॉकचा पुढचा आणि मागचा भाग ताडून बघा.

आणि खालचा होज पाइप बघा. मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही.

उद्यमबाग_लेथ
वरचं सगळं बरोबर. रेडिएटर दुकानात जातो, ब्लॉक गाडीतच राहतो, आणि सुटलेला गाळ महिन्याभरात नव्या रेडिएटरमध्ये.

हेड न उतरवताही बरंच काम होतं. आधी हाताने, केमिकल नंतर. ब्लॉकचा कॉक आख्खा काढा आणि भोकातून सायकलच्या ब्रेकची वायर घालून ढवळा. थर्मोस्टॅट काढा, दोन्ही होज सोडा, वरून नळ लावून कॉकच्या भोकातून पाणी जाऊ द्या. रेडिएटर उलटा धुवा, म्हणजे खालून वर, पण बेताच्या दाबाने. गाळ घट्ट असेल तर मागची डमी (ब्लॉकच्या भोकावर ठोकलेली धातूची चकती) काढून तारेने खरवडणं हाच इलाज, ॲसिड त्या चिखलात शिरत नाही. नवी डमी पितळेची घ्या आणि भोक मोजूनच घ्या.

मग लिंबूसत्त्व, बेळगावच्या रविवार पेठेत किलोने मिळतं. लिटरला ५० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून गाळून. सोडलेलं पाणी बादलीने मोजलं असेल तर हिशेब सोपा: ८ लिटरला ४०० ग्रॅम. थर्मोस्टॅट बाहेरच ठेवून गाडी तापवा, २० ते ३० मिनिटं चालवा, आणि हात भाजणार नाही इतपत निवलं की लगेच सोडा. रात्रभर ठेवू नका. चुना संपला की ॲसिड लोखंड खातं, आणि चुना फार असेल तर त्याचंच क्षारयुक्त पीठ तळाला बसतं. जास्त थर असेल तर दोन छोटे हप्ते घ्या.

स्वच्छ पाण्याने धुतल्यावर लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १० मिनिटं चालवा. झाकण उघडं असू द्या, फेस येतो. पुन्हा धुवा आणि त्याच दिवशी कूलंट भरा. उघडा ब्लॉक एका रात्रीत गंजतो.

संडासाचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. चुना झटक्यात काढतं, सोबत रेडिएटरचं डाखकामही.

निपाणी_पद्मिनी
हे वाचून कुणी पद्मिनीवर करणार असेल तर थांबा. ॲम्बॅसिडरचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. तिथे लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिनिटं पुरे. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो. ऑक्झॅलिक ॲसिडही टाळा: गंज काढतं, पण चुन्याशी मिळून न विरघळणारा क्षार बनतो, म्हणजे एक थर काढून दुसरा बसवला.

हुक्केरी_मार्क३
कॉक उघडला, थेंब नाही. उद्या वायर घालतो. भरायचं काय? आमच्याकडे घरोघरी बोअरच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी नुसतं चालेल?

कॅम्प_स्पॅनर
नुसतं नको. क्षार नसले तरी गंज थांबवणारं काही त्यात नसतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा एक भाग हिरवं जुन्या पद्धतीचं कॉन्सन्ट्रेट आणि दोन भाग बॅटरीचं पाणी पुरतं, दर दोन वर्षांनी बदला. तयार मिश्रणाच्या कॅनमध्ये वरून पाणी घालू नका. लाल-गुलाबी लाँगलाइफ कूलंट तांब्या-पितळेच्या, डाखाच्या रेडिएटरला मी सुचवणार नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. आधी पातेल्यात थर्मामीटरसोबत गरम करून बघा, छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. झाकणाचं रबरही तपासा. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, इथे उघडं पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. ७ पौंड दाबाचं धड झाकण त्यात ११-१२ अंशांची भर घालतं, फाटकं झाकण काहीच नाही.

उद्यमबाग_लेथ
एक राहिलं. वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडात नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा अडकवून क्लिप आवळा. सुटलेले खवले त्यात अडकतात. ५० किलोमीटरनंतर, गाडी थंड झाल्यावर काढून बघा. भरला असेल तर नवा लावा, आणि स्वच्छ निघेपर्यंत चोर्ला नको. जुनं कूलंट गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-जनावरं पितात आणि दगावतात.