पाडव्याच्या जेवणात अर्धवट राहिलेला विषय

प्रेषक: श्रीकांत

मंडळी, नमस्कार.

पाडव्याला जेवणाच्या रांगेत मी कॉलेज प्रवेशावरून जे बोललो, की आपल्या पोरांची जागा ब्लॅक मुलांना मिळते, त्यावरून दोघा-तिघांचे फोन आले, म्हणून इथंच लिहितो. धाकट्याला यंदा इथं कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या कॅम्पसनं नकार दिला. गणित, फिजिक्स सगळीकडे ए. पोर्टलवर निकाल बघून पोरगा भरल्या ताटावरून उठला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. थोरलीच्या वेळी, 2019 मध्ये, पूर्वेकडच्या एका खासगी विद्यापीठानं हेच केलं होतं. हार्वर्डच्या खटल्यात उघड झालं की तिथं अर्जदाराच्या व्यक्तिमत्त्वालाही गुण देतात आणि त्यात आशियाई मुलं सगळ्यांच्या मागे. म्हणजे आमची पोरं नुसती घोकंपट्टीवाली, असंच ना? रंग पाहून जागा द्यायच्या असतील तर ही कष्टाळू पोरं जाणार कुठं? 29 जून 2023 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं प्रवेशात असा रंग बघणं थांबवलं. मला तो निकाल न्यायाचा वाटतो, आणि हे मी कुणाचा राग म्हणून बोलत नाही.

प्रेषक: सुनंदा

श्रीकांत,

पोरगा ताटावरून उठला हे वाचून पोटात कालवाकालव झाली. त्याला म्हणावं, आजीनं चकल्या ठेवल्यात, घेऊन जा. आता तुझ्या बोलण्यातलं मला जे पटलं नाही ते लिहिते.

आधी धाकट्याचं. कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 209, म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव, 1996 साली पास झालं. तेव्हापासून सरकारी कॉलेजं, सरकारी नोकऱ्या आणि सरकारी कंत्राटं, तिन्हीकडे वंश विचारात घ्यायला बंदी आहे. 2020 मध्ये ती उठवायचा प्रस्ताव मतदारांनी पाडला. हा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीपासूनचा नियम आहे हा. त्याची जागा रंगामुळे दुसऱ्या कुणाला गेली, असं होऊच शकत नाही. मोठ्या कॅम्पसना लाखाच्या वर अर्ज येतात रे, तिथं सगळे ए असलेलीही हजारोंनी परत जातात. पण रांगेत तू म्हणालास, ‘ब्लॅक मुलांना मिळते’, आणि शेजारी वाढायला उभी असलेली तुझीच पोरगी ते ऐकत होती.

थोरलीचं वेगळं. त्या व्यक्तिमत्त्वाच्या गुणांची मी बाजू घेणार नाही. मुलाला न भेटता त्याच्या स्वभावाला कमी गुण देणं वाईटच. पण त्याच खटल्यातली दुसरी आकडेवारी आपल्याकडे कुणी काढत नाही. हार्वर्डनं घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्क्यांहून जास्त मुलं ही खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली (देणगीदारांच्या नात्यातली वगैरे) किंवा तिथल्या नोकरदारांची मुलं होती. ब्लॅक, लॅटिनो आणि आशियाई मुलांत हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आत. वशिल्याची ही रांग आपल्याला दिसत नाही आणि शेजारचं ब्लॅक पोर तेवढं डोळ्यात खुपतं.

आणि प्रवेशात वंश बघण्याला ‘आरक्षण’ म्हणू नकोस. डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजनं 100 पैकी 16 जागा राखून ठेवल्या होत्या, त्या 1978 मध्येच कोर्टानं रद्द केल्या. तेव्हापासून 2023 पर्यंत प्रवेशात वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब होती, इतकंच.

आता माझं स्वतःचं सांगते. 1923 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं, तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. 1946 मध्ये आपल्याला इथं स्थायिक व्हायला वर्षाला 100 माणसांचा कोटा मिळाला. दार खरं उघडलं 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानं, आणि त्याच्या आधी ब्लॅक लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, तेव्हा कुठं 1964 चा नागरी हक्कांचा कायदा झाला होता. आमचे हे 1971 ला उतरले ते याच दारातून. पुढं आपल्याच संघटनांनी मागणी केली की आम्हाला गोऱ्यांत मोजू नका, म्हणून 1980 च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन आला. 1982 पासून मागे पडलेल्या गटांच्या छोट्या उद्योगांसाठी राखलेल्या सरकारी कंत्राटांतही आपण बसलो. आमच्या फर्मचा तो अर्ज मी टाइप केलाय. सामाजिकदृष्ट्या मागे पडलेले, या ओळीपुढे खूण केली. दोघंही एम.एस., घराचं कर्ज पहिल्या फेरीत मंजूर झालेलं. ते कंत्राट आमच्याआधी कुणाचं व्हायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही बोचतं.

2023 च्या निकालानंतर एमआयटीत पहिल्या वर्षाला ब्लॅक मुलं 13 टक्क्यांवरून 5 वर आली, आशियाई 40 वरून 47 वर. मी मंगळवारी लायब्ररीत शिकवते. तिथं येणाऱ्या एका मुलीच्या शाळेत कॅल्क्युलसचा वर्गच नाही. बसमध्ये फोनवर व्हिडिओ बघून ती शिकते, वहीच्या समासात प्रश्न लिहून आणते. तिचा बी आणि आपल्या पोराचा ए एका तराजूत कसे घालायचे, सांग. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात राहून त्यांना हे नातं दिसलं, आणि आपण इथं राहून ते विसरावं?

प्रेषक: श्रीकांत

ताई,

209 चं चुकलं माझं. थोरलीशीही बोललो काल रात्री, ती माझ्यावर दोन दिवस गप्प का होती ते कळलं. वशिल्याबद्दल तर एकशे एक टक्के मान्य. 2024 मध्ये आपल्या राज्यानं खासगी कॉलेजांनाही माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप द्यायला बंदी करणारा कायदा केला, तोही मला माहीत नव्हता.

पण त्या मुलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शाळेत वर्ग नाही, घरात पैसा नाही, मग शाळा आणि पैसा बघा की. रंग कशाला? डॉक्टरांच्या ब्लॅक मुलाला आणि तिला एकच सवलत का? मी निकालाच्या बाजूनंच आहे.

प्रेषक: सुनंदा

शाळा आणि पैसा बघाच, त्यावर आपलं भांडण नाही. डॉक्टरांचं म्हणशील तर आमच्या शेजारी ब्लॅक कुटुंब आहे, नवरा-बायको दोघंही डॉक्टर. गेल्या वर्षी त्यांनी घराचं कर्ज बदलून घेतलं. बँकेचा माणूस घराची किंमत लावायला येणार होता, घर ब्लॅक माणसांचं म्हणून ती कमी लागू नये, यासाठी त्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरचे घरच्यांचे सगळे फोटो उतरवले आणि आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवले. चादरी मीच दिल्या गुंडाळायला. मुलांचे शाळेतले फोटो, आजोबांचा सैन्याच्या गणवेशातला, लग्नाचा. लग्नाचा मोठा आहे, दोघांनी धरून आणावा लागला.