गोष्ट हातानं लिहिता की टाइप करता? गोव्यातल्या लिहिणाऱ्यांनी आपापले अनुभव सांगा

म्हापसा (धागा मीच काढतेय)

दिवाळी अंकासाठी एक कथा मे महिन्यापासून लिहितेय, वहीत, नेहमीसारखी, दोनशे पानी वही नि निळं बॉलपेन. तेवीस पानं झाली. मग पुण्याहून संपादकांचा निरोप आला की हस्तलिखित नको, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, अडीच हजार शब्दांच्या आत. बरं म्हटलं, लेकाचा लॅपटॉप घेतला आणि वही शेजारी ठेवून नुसतं बघून उतरवायला बसले, तर पहिल्या पानालाच कथा हातातून निसटली. वहीत जी बाई म्हापशाच्या स्टँडवर उभी राहून अर्धं पान नुसती बसची वाट बघते ती टाइप करताना दोन ओळींत बसमध्ये चढली. वाक्यं छोटी झाली, गुळगुळीत झाली, आणि मला कळेना की हे सुधारलं की बिघडलं.

वहीचं कौतुकच आहे असंही नाही हां. आपल्याकडचा शंभर इंचांच्या पुढं जाणारा पाऊस, कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवते तरी जुलैत वह्यांना बुरशीचा वास येतोच, आणि 2009 सालची एक अख्खी वही वाळवीनं खाल्ली, त्यात एक लघुकादंबरी होती, आता तिचं फक्त नाव आठवतं. तर तुम्ही कसं लिहिता, का, आणि बदल केला असेल तर लिखाणाचं काय झालं, जमेल तसं सांगा. लांबलं तरी चालेल.

साखळी

मी कथा नाही लिहीत, नाटकं लिहितो, जत्रेची. गावच्या जत्रेला तीन अंकी नाटक हवंच, आणि तीस वर्षांपूर्वी सगळं हातानंच. फुलस्केपवर मूळ संहिता, आणि मग प्रत्येक नटाची नक्कल वेगळी, म्हंजे त्याचीच वाक्यं आणि त्याच्या आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, तेवढं ऐकलं की आपण बोलायचं. या नकला उतरवायला नटांनाच बसवायचो आमच्या पडवीत, रात्री नऊनंतर, कंदील नि चहा. कोण कार्बन घालून दोन करायचा. तेव्हा वाटायचं केवढा वेळ जातो हा! आता मी कॉम्प्युटरवर लिहितो, सरळ पीडीएफ करून ग्रूपवर टाकतो, पाच मिनिटांत वीस जणांकडे पोचते, आणि तालमीला कोणालाच पाठ नसतं. फोन बघून बोलतात. चार वर्षांपूर्वी डोकं फिरलं नि सांगितलं की ज्यानं स्वतःची नक्कल स्वतःच्या हातानं लिहून आणली नाही त्याला काम नाही. शिव्या घातल्या पोरांनी, पण त्या वर्षी प्रॉम्प्टर अर्धा वेळ रिकामा बसला होता.

लिहिताना मात्र मला कॉम्प्युटरच बरा. प्रवेश मागेपुढे करायचा असला की पूर्वी कात्री नि डिंक लागायचा.

पेडणे

आमच्या दशावतारात लिहीतच नाहीत हो काही. रात्री कोणतं आख्यान ते ठरतं, तोंडाला रंग लावता लावता कोण काय बोलणार ते ठरतं, बाकी रंगमंचावर. तेव्हा पेन की कीबोर्ड हा वादच मिटला :)

वास्को

मी पूर्ण कॉम्प्युटरवाला, शाळा सुटल्यापासून पेन फक्त सहीला. मला हा हातानं लिहिण्याचा रोमँटिकपणा खरंच कळत नाही, कारण कादंबरी हे सत्तर हजार शब्दांचं काम असतं, आणि पान 40 वर त्या माणसाच्या डाव्या हाताला सहा बोटं होती की उजव्या हे पान 210 ला शोधायला वहीत अख्खी दुपार जाते, इथं दोन सेकंद. प्रत्येक धड्याची वेगळी फाइल, रोजची कॉपी क्लाउडवर, काल काय लिहिलं होतं तेही परत बघता येतं. वाळवीला काय खायचं ते खाऊ दे.

पण एक कबुली देतो. अर्धी कादंबरी झाल्यावर नायिकेचं नाव राधा नको वाटलं, म्हणून सगळीकडे एकदम शोध-आणि-बदल केलं, राधाची शर्मिला. झोपलो. सकाळी उठून वाचतो तर नायकाला "अपशर्मिलाची जाणीव" होत होती. मी पाच मिनिटं तो शब्द बघत बसलो, मग लक्षात आलं, अपराधाची! पुढं शर्मिलाकृष्णाचं देऊळही निघालं एका ठिकाणी. देवाचं नाव बदलणारा पहिला लेखक मीच असेन.

म्हापसा

मी एकटीच हसतेय घरात आणि लेक विचारतोय काय झालं.

पणजी

मी लेखक नव्हे, डीटीपी करणारा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं टाइप केली, कथा, कादंबऱ्या, गावाचे इतिहास, पुराणिकांची चरित्रं, सगळं. माझा कीबोर्ड अजून रेमिंग्टनचा, जुन्या टाइपरायटरवर शिकलो म्हणून, हल्लीच्या पोरांचं फोनेटिक मला जमत नाही. तर तुमच्यापेक्षा मी तुमचं अक्षर जास्त वेळ बघितलंय असं म्हणा. लेखक कुठं दमला ते दिसतं. अक्षर मोठं होतं, ओळ खाली उतरायला लागते, वेलांट्या सुटतात. दुसऱ्या दिवशी ताजा होऊन बसला की परत पहिल्या पानासारखं. एक वयस्क कादंबरीकार होते, तीन रंगांत लिहायचे, निळ्यानं पहिलं, लाल दुरुस्ती, हिरवी म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती, आणि समासात बाण काढून "इथे 14-अ जोडावे", आणि ते 14-अ कुठं तर लग्नपत्रिकेच्या पाठीमागं. पण खोडलेलंही सगळं वाचता यायचं. खरं सांगतो, कितीदा मला खोडलेलं वाक्यच जास्त आवडायचं. विचारायची हिंमत नाही झाली, आपलं काम टाइप करायचं. एकदाच विचारलं, तर ते गप्प झाले आणि म्हणाले, ठेवा खोडलेलंच.

रवींद्रनाथ टागोर खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांचीच चित्रं करायचे, त्यांच्या हस्तलिखितांचे फोटो बघा, पक्षी नि काय काय निघालंय त्यातून. स्क्रीनवर खोडलं की जागासुद्धा राहत नाही.

उलटी बाजू पण सांगतो. 1998 ला केलेली एक तीनशे वीस पानांची कादंबरी, दुसरी आवृत्ती काढायची म्हणून लेखकाच्या मुलानं सीडी आणली. फाइल उघडली, पण तेव्हाचा फॉन्ट युनिकोड नव्हता, तो फॉन्ट आता कोणाकडे नाही, स्क्रीनवर नुसते इंग्लिश अक्षरांचे नि चिन्हांचे उकिरडे. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार भलत्या अक्षरावर, आणि "दुसऱ्या", "सुऱ्या" मधला तो ऱ्य सगळीकडे तुटलेला. शेवटी मूळ हस्तलिखित त्यांच्या माळ्यावर सापडलं, बांधलेलं, वर कडुनिंबाचा पाला. मी परत पहिल्यापासून टाइप केलं. म्हणून म्हापशाच्या ताईंना एवढंच सांगीन, टाइप झाल्यावर वही फेकू नका, आणि पाठवायच्या आधी खोडलेलं एकदा वाचा.

काणकोण

डावरा आहे. लिहिलेल्यावरून हात फिरतो, जेल पेन असलं की पान नि करंगळी दोन्ही निळे. पावसात तर बघायलाच नको. लॅपटॉप आला त्या दिवशी देवाला नारळ दिला.

मडगाव

मी कॉलेजात आहे, गोष्टी फोनवर लिहितो, बहुतेक मडगाव-पणजी शटलमध्ये, खिडकीची सीट मिळाली तर कुठ्ठाळीच्या पुलापर्यंत एक परिच्छेद होतो. रोमनमध्ये टाइप करतो नि ते देवनागरी होतं, यावरून आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात बोलून दाखवलं होतं की ही काय मराठी. मी म्हटलं सर, आपल्या रायतूरला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं ते मराठीच होतं नि रोमन लिपीतच होतं, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. माझ्याकडे पण खिळे नाहीत! सर हसले, मार्क नाही वाढले.

पण खरा त्रास ऑटोकरेक्टचा. माझ्या गोष्टीत निवेदन मराठीत असतं आणि माणसं बोलतात कोंकणीत, कारण माझ्या घरात तसंच आहे, आजी मराठी पोथी वाचते नि मध्येच थांबून कोंकणीत ओरडते. फोनला ते पटतच नाही. "काय" या अर्थी "कितें" लिहिलं की "किती". "पोय", आपला गोव्याचा पाव, लिहिली की "पोट", म्हंजे पाववाला पदेर सकाळी सायकलवरून पोट विकत येतो. फोन आपल्या मनानं अनुस्वार झाडून टाकतो, माझी सगळी पात्रं हळूहळू पुण्याची व्हायला लागतात. कागद निदान असा शहाणपणा करत नाही हे मान्य.

फोंडा

मी 78 वर्षांची, शाळेत इंग्रजी शिकवायची, विद्यार्थी अजून बाई म्हणतात. सगळं आयुष्य शाईच्या पेनानं लिहिलं. सहा वर्षांपूर्वी बोटांचे सांधे धरले, अर्धं पान झालं की पेन गळून पडायचं. नातवानं फोनवर बोलून टाइप करायचं शिकवलं. पहिला महिना फार अपमानाचा गेला, मी "पूर्णविराम" म्हणायची आणि ते इमानदारीत "पूर्णविराम" असा शब्द लिहायचं, त्यामुळे माझी नायिका खिडकीशी उभी राहून म्हणते, तो येणार नाही पूर्णविराम. आता विरामचिन्हं बोलतच नाही, नातू रविवारी येऊन घालतो, त्याला मी भजी देते.

पण एक गंमत झाली. बोलायला लागल्यापासून माझी वाक्यं लांब झाली. आधी मी नेटकी लिहायची, दहा-बारा शब्दांत वाक्य मिटवायची. आता वाक्य सुरू होतं नि माझ्या आजीसारखं, ती पावसाळ्यात चुलीशी बसून गोष्ट सांगायची तसं, मध्येच शेजारणीच्या गाईवर जातं आणि परत येतं. कादंबरीकार हेन्री जेम्सचं असंच झालं होतं, मनगट दुखायला लागलं म्हणून 1897 च्या सुमारास तो टायपिस्टला सांगून लिहवून घ्यायला लागला, आणि त्याची नंतरची वाक्यं कशी पानभर पसरतात ते ज्यांनी एम.ए.ला वाचलंय त्यांना विचारा. तेव्हा म्हापशाच्या मुली, तुझी वाक्यं छोटी झाली त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अवयव बदलला की चाल बदलते. मात्र ती बाई अर्धं पान बसची वाट बघत होती ते मला वाचायला आवडलं असतं.

डिचोली

मी मधला मार्ग काढलाय. पहिला खर्डा वहीत, कारण वहीत मागं जाऊन सुधारायचा कंटाळा येतो म्हणून पुढं जाते, कॉम्प्युटरवर मी पहिलाच परिच्छेद अकरा वेळा घासत बसते नि रात्रीचे बारा वाजतात. दुसरा खर्डा टाइप करून, तोही वहीत बघून नाही, वही मिटून. जे आठवलं नाही ते बहुतेक नकोच असतं. बहुतेक म्हटलंय हां. एकदा खुनीच विसरले होते.

शब्द मोजायला पण सोपं. माझ्या वहीत ओळीला साधारण दहा शब्द, पानाला पंचवीस ओळी, म्हंजे अडीचशे. दहा पानं झाली की थांबायचं.

साखळी

पणजीच्या भाईंनी खोडलेल्याचं सांगितलं ते वाचून जुन्या संहिता काढल्या माळ्यावरून. एका नाटकाचा शेवट मी बदललाय ते विसरूनच गेलो होतो. आधी बाप माफ करतो असं होतं. कोणी बदलायला लावलं तेही आठवलं, जत्रेच्या कमिटीनं नव्हे, माझ्याच वडलांनी.

म्हापसा

उशिरा लिहितेय, रागवू नका. कथा गेली. बाईंचं ऐकून ती बाई स्टँडवर परत उभी केली, अर्ध्या पानाला नाही पण आठ ओळी, त्यासाठी एक मेव्हणा कथेतून काढून टाकला, कोणाला कळणारही नाही.

आणि खोडलेलं वाचलं. शेवटी आई बसमध्ये चढताना मुलाला "बरं, मी निघते" म्हणते असं होतं, आणि टाइप करताना प्रत्येक वेळी तिथं मला काहीतरी मेल्यासारखं वाटत होतं. वहीत बघितलं तर तिथं दोन रेघा मारलेलं कोंकणीतलं "हांव येतां", म्हंजे मी येते. पुण्याच्या वाचकाला कळणार नाही म्हणून मीच खोडलेलं, जूनमध्ये. आपल्याकडे निघताना "वतां", जाते असं, कुठं म्हणतो कोणी, कायमचं जाणारं माणूससुद्धा "येतां" म्हणूनच जातं, आणि कथा तीच होती ना. परत घातलं. लॅपटॉप लेक घेऊन गेला होता म्हणून रात्री फोनवरच ती ओळ बदलली नि मेल करून टाकली, परत वाचलीही नाही.

काल संपादकांचा फोन. कथा आवडली, घेतोय, फक्त एक शंका आहे म्हणाले. "ताई, शेवटच्या ओळीत त्या आईला एकदम कसली हाव येते?"