मतदान केंद्रावरची ओळख आणि यादीतलं नाव: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

२०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी झाली. मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. ती कारणासह जाहीर करा आणि यादीत नाव ठेवण्यासाठी आधार हा बारावा पुरावा म्हणून घ्या, असं सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. तेव्हापासून घरी, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत एकच वाद ऐकतेय. कुणी म्हणतं, कागदपत्रं कडक करा, बोगस मतदान बंद होईल. कुणी म्हणतं, कागदापायी गरिबाचं मत जाईल.

माझं मत आधीच सांगून टाकते. केंद्रावर ओळख विचारतात याला माझी हरकत नाही. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, १९९३ ला, फोटोचं कार्ड आलं ते चांगलंच झालं. पण नुसत्या कार्डावर मत देता येत नाही, यादीत नाव लागतं. आणि ते नाव टिकवण्याची सगळी धावपळ हातावर पोट असलेल्यांच्या गळ्यात पडते. मला हे अन्यायाचं वाटतं.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांचे फॉर्म भरून द्यायला मी बसते. तिथल्या एका मावशींचं तेलुगू आडनाव आधारवर एक, पासबुकावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरंच. त्यांनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून फोटो असलेलं विडी कामगाराचं जुनं कार्ड. त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास त्याच कार्डावर. पण केंद्रावर मतदार कार्डाऐवजी चालणाऱ्या १२ कागदपत्रांत ते नाही. पासबुक चालतं, पण फोटो लावलेलं हवं. त्यांच्या पासबुकावर फोटो नव्हता. आधार दुरुस्त करायला गेल्या तर अंगठा उमटेना. वर्षानुवर्षं पानं कातरून, विड्या वळून बोटांच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या. मशीन लाल दिवा दाखवायचं आणि मावशी अंगठा साडीला पुसून परत ठेवायच्या. रांगेत गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते. मतदानाला पगारी सुट्टीचा कायदा आहे, पण घरी बसून हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला ती सुट्टी देणार कोण?

७ मे २०२४ ला लोकसभेला त्यांनी मत दिलं. नावातल्या किरकोळ फरकाकडे, माणूस तोच असल्याची खात्री पटली तर, दुर्लक्ष करावं अशी निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. तिथल्या केंद्राध्यक्षांना ती माहीत होती. दुसरे असते तर काय झालं असतं, याची मला काळजी वाटते.

आता तुम्ही लिहा. पक्ष आणि उमेदवार यांची नावं नकोत.

जुळे सोलापूरकर
ताई, मी दुसऱ्या बाजूचा. सकाळी कामं उरकून अकराच्या सुमारास केंद्रावर गेलो तर माझ्या नावापुढे सही झालेली. माझं मत कुणीतरी देऊन गेला होता! मी कार्ड दाखवलं, केंद्राध्यक्षांनी चार प्रश्न विचारले, खात्री पटली. मग मला मशीनवर नाही, कागदावर मत द्यायला लावलं. त्याला प्रदत्त मत म्हणतात. लिफाफ्यात घालून वेगळं ठेवतात आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं तरच त्याला काही अर्थ. एखाद्याचं मत चोरीला जातं तेव्हा त्याला काय वाटतं ते मला विचारा. म्हणून म्हणतो, तपासणी कडकच पाहिजे.

धागाकर्ती
काका, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण केंद्रावरच्या यादीत तुमचा फोटो छापलेला असतो. तो चेहऱ्याशी ताडून पाहिला असता तर त्या माणसाला तिथेच अडवता आलं असतं. आहे ती तपासणी नीट करा, ही मागणी मला मान्य आहे. त्यासाठी मावशींकडे आणखी एक कागद मागायची गरज नाही.

खडू-फळा
मी शाळेत शिकवते आणि बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी केंद्रस्तरीय अधिकारी, पण आहे. शाळा सुटल्यावर घरोघर फिरते. भाड्याच्या खोल्यांना कुलूप असतं, शेजारी म्हणतात, "ते होय, गेले की रायनगरला." कुंभारीच्या रायनगरात जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार कामगार कुटुंबांना घरं मिळाली. कितीतरी जण राहायला तिकडे गेले आणि नावं शहरातच राहिली. अशी घरं आम्हाला 'स्थलांतरित' दाखवावी लागतात. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी एक वेगळी यादी केंद्रावर असते. त्यात नाव असलं म्हणजे मत गेलं, असं लोकांना वाटतं आणि ते दारातूनच परततात. कृपा करून परतू नका. मुख्य यादीतून नाव कमी झालेलं नसेल तर ओळखीचा पुरावा दाखवून, सही-अंगठा देऊन मत देता येतं. दुसरी बाजूही लिहिते. मयत माणसाचं नाव कमी करायला घरचे येत नाहीत, दाखला मागितला की टाळतात. मग बोगस मतदानाला वाव राहतो तो तिथे.

नई जिंदगीची लेक
बुरखा घालणाऱ्यांच्या ओळखीवरून बाहेर फार आरडाओरडा होतो. माझा अनुभव साधा आहे. केंद्रावर बाई कर्मचारी होत्या, त्यांनी आडोशाला नेऊन चेहरा बघितला, फोटोशी जुळवला, झालं. अम्मी तर त्यांना दुआ देऊन आली. बाई कर्मचारी नसतील तिथे मात्र बायका रांग सोडून जातात.

कॉलेज रोड
२०२४ च्या विधानसभेला माझं पहिलंच मतदान. ई-मतदार कार्ड मोबाईलमध्ये, आणि केंद्रापासून १०० मीटरच्या आत मोबाईलला बंदी. गेटवरच अडवलं. झेरॉक्सचं दुकान शोधून प्रिंट काढली तेव्हा कुठे मत देता आलं. एकीकडे डिजिटल कार्ड द्यायचं आणि दुसरीकडे ते दाखवू द्यायचं नाही, हे मला पटलं नाही. धाकट्या भावाचं आणखी वाईट. त्याने ऑगस्टमध्ये नाव नोंदवलं, आणि महापालिकेला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. जानेवारी २०२६ ला तो घरीच बसला.

स्टेशनजवळचा
आम्ही काही मित्र पुलाखाली राहणाऱ्यांची नावं नोंदवतो. पत्त्याचा पुरावा कुठून आणणार ते? पण त्यांच्यासाठी नियम आहे. बीएलओने रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, एकापेक्षा जास्त रात्री. तेवढं पुरतं. आमच्याकडे एक बीएलओ मॅडम नवऱ्याला गाडीवर सोबत घेऊन रात्री उशिरा आल्या होत्या. असं काम करणाऱ्यांचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून इथे लिहितोय.

रायनगर
वरच्या बीएलओ मॅडमनी लिहिलं ते आमचंच आहे. राहतो इथे, नाव अजून शहरात. लोकसभेला रिक्षा करून जुन्या केंद्रावर गेलो. इकडे नाव आणायला नवीन फॉर्म भरायचा का?

धागाकर्ती
दादा, नमुना ६ भरू नका, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. तो भरला तर नाव दोन ठिकाणी येईल आणि तो गुन्हा ठरू शकतो. तुम्ही नमुना ८ भरा, पत्ता बदलण्याचा. इकडे नाव लागलं की शहरातलं निघतं. अर्जाचा नंबर जपून ठेवा, काही अडलं तर १९५० वर फोन करा. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा फॉर्म लागतो, हे बरेच जण विसरतात. रविवारी सकाळी मी विडी घरकुल वसाहतीत बसते, लाइट बिल आणि आधारची झेरॉक्स घेऊन या. शेजाऱ्यांनाही सांगा.