एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, पुढे आकडा २१४०. रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार. धाकट्या दिराने (वय ३४) गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं. रक्तपेढीने बोलावून हेपटायटिस बी निघाल्याचं सांगितलं. परळच्या लॅबमध्ये पुन्हा तपासलं:

एचबीएसएजी: रिॲक्टिव्ह, २१४० (कटऑफ १)
अँटी-एचबीसी टोटल: रिॲक्टिव्ह
अँटी-एचबीसी आयजीएम: नॉन-रिॲक्टिव्ह
एसजीपीटी (यकृताची तपासणी): ३१

डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे. २१४० म्हणजे विषाणू फार वाढलाय का? जाऊबाई आणि ४ वर्षांच्या पुतण्याचं काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, २१४० आधी डोक्यातून काढा. एचबीएसएजी म्हणजे हेपटायटिस बी विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन, रिॲक्टिव्ह म्हणजे ते सापडलं. नमुन्याचा सिग्नल कटऑफच्या किती पट आला, एवढंच ते सांगतं. रक्तात विषाणू किती, ते नाही. हाच आकडा १-२ च्या आसपास असता तर खोटा रिॲक्टिव्ह आहे का, याची खात्री करावी लागली असती.

खरी माहिती पुढच्या दोन ओळींत आहे. अँटी-एचबीसी टोटल (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी) रिॲक्टिव्ह येतं ते संसर्गाने, लसीने कधीच नाही. ताज्या संसर्गात आयजीएमही (त्याच अँटीबॉडीचा सुरुवातीचा प्रकार) रिॲक्टिव्ह येतं, इथे ते नाही. म्हणजे संसर्ग बहुधा जुना, कदाचित जन्मावेळी आईकडून आलेला. म्हणून सासूबाई आणि तुमचे मिस्टर यांचीही तपासणी करून घ्या, हे सहसा राहून जातं. 'क्रॉनिक' (दीर्घकालीन) म्हणायला मात्र ६ महिन्यांनीही एचबीएसएजी रिॲक्टिव्ह असावं लागतं.

आता एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण), अँटी-एचबीई (त्याविरुद्धची अँटीबॉडी), एचबीव्ही डीएनए (क्वांटिटेटिव्ह), प्लेटलेट्स आणि सोनोग्राफी करा. उपाशीपोटी जायची गरज नाही, फक्त सोनोग्राफीचं लॅबला विचारा. विषाणूचा खरा आकडा डीएनएत कळतो. तो २००० आययूच्या खाली, एचबीईएजी निगेटिव्ह आणि एसजीपीटी वर्षभर नॉर्मल, तर बहुधा नुसती देखरेख. वर असेल तर एसजीपीटी, वय, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) बघून डॉक्टर टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या गोळीचा विचार करतात. सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नका, आजार उसळतो. आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध तर मुळीच नको, काही औषधांनी यकृतालाच इजा होते.

प्रतिसाद २
जाऊबाई आणि मुलगा, दोघांचं एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटीबॉडी), अँटी-एचबीसी टोटल करा. जाऊबाईंचं तिन्ही निगेटिव्ह आलं तर लस: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटी-एचबीएस १० किंवा जास्त हवं. तोवर कंडोम वापरायचा. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे. ताटवाटी वेगळी करू नका, जेवणातून हे पसरत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
मुलाची लस झाली आहे, तरी तपासायचं?

प्रतिसाद २
हो, एकदा. टोचल्याची नोंद म्हणजे संरक्षण आलंच असं नाही. खर्चाची अडचण असेल तर सायन, केईएम किंवा नायरच्या गॅस्ट्रो ओपीडीत विचारा. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि गोळ्या मोफत आहेत. जाताना रक्तपेढीचाही कागद न्या, ६ महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.