भोपळ्याची बिस्किटं मऊ पडतायत, तिसऱ्या दिवशी बुरशी, वर मोतीचं पोटही बिघडलं. कुठे चुकतंय?

मोतीची_आई

नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा मोती साडेचार वर्षांचा, वजन बरोबर १० किलो, नसबंदी झालेली आहे आणि खाण्याच्या बाबतीत इतका हावरट की रिकाम्या पिशवीकडेसुद्धा आशेने बघतो. विकतच्या ट्रीट्सच्या पाकिटामागची यादी एकदा चष्मा लावून वाचली आणि साखर, मीठ, कसले कसले रंग बघून ठरवलं की आता घरीच करायच्या. लाल भोपळा कुत्र्यांना चांगला असं सगळीकडे वाचलं होतं म्हणून तोच घेतला.

तर मी काय केलं, उकडलेल्या भोपळ्याचा लगदा २०० ग्रॅम, एक अंडं, अर्धा कप दूध, दोन मोठे चमचे पीनट बटर (शुगर फ्री मुद्दाम घेतलं, हेल्दी हवं ना) आणि ओट्सचं पीठ २५० ग्रॅम. पण ते इतकं चिकट झालं की हाताला, ओट्याला, लाटण्याला सगळीकडे, मग अजून ५० ग्रॅम पीठ घातलं. ४० बिस्किटं झाली, ओव्हनमध्ये २० मिनिटं ठेवली, बाहेरून मस्त सोनेरी, वासही छान. गरम गरमच डब्यात भरली.

आता रडगाणं. दुसऱ्या दिवशी सगळी लिबलिबीत, तिसऱ्या दिवशी चार बिस्किटांवर हिरवट पांढरे ठिपके. आणि मोती, त्याला मी दिवसाला आठेक देत होते कारण भोपळाच तर आहे, त्याची शी पातळ आणि केशरी रंगाची. खेळतोय, खातोय, उलटी वगैरे काही नाही. भोपळ्याने पोट सुधारतं म्हणतात मग हे उलटं कसं? आणि रेसिपीत जायफळ पण लिहिलेलं, ते माझ्याकडे संपलं होतं म्हणून नाही घातलं.

शेपूटहलव्या

बाकी सगळं राहू दे, आधी ते पीनट बटरचं लेबल वाचा!! शुगर फ्री म्हणजे त्यात साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असू शकतं, माणसाला काही होत नाही पण कुत्र्याच्या शरीरात ते गेलं की इन्सुलिन भसाभस सुटतं आणि रक्तातली साखर धाडकन खाली येते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्याला पुरतं, आणि जास्त गेलं तर लिव्हर जातं. कधी बर्च शुगर म्हणून लिहितात, कधी नुसतं ई ९६७. उलटी, लडखडणं, एकदम गळून जाणं, झटके असं काही दिसलं तर घरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ डॉक्टरला फोन. कधी कधी अर्ध्या तासात लक्षणं येतात, कधी उशिरा, त्यामुळे खाल्लंय हे कळलं की लक्षणांची वाट बघायचीच नाही.

जायफळ संपलं होतं ते तुमचं नशीब. त्यातलं मायरिस्टिसिन कुत्र्यांना बाधतं. चिमूटभराने लगेच काही होत नाही पण त्याला कुठे चव कळणार आहे, कशाला घालायचं.

मोतीची_आई

बापरे, हात थरथरत होते बरणी उचलताना. वाचलं. झायलिटॉल नाहीये, स्टीव्हिया आहे. तरी ती बरणी आता फक्त माझी. धन्यवाद हो, मला खरंच माहीत नव्हतं.

पिठाळ_हात

हुश्श. आता बिस्किटांकडे येऊ, कारण मी पण हेच सगळं करून बसलेय.

भोपळा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. तुमचा सगळा घोटाळा त्या पाण्याचा आहे. चिकट झालं पाण्यामुळे, तुम्ही वरून दूध घातलंत म्हणजे आणखी पाणी, मग पीठ वाढवलं, मग जाडसर लाटलं असणार, बाहेरून सोनेरी झालं म्हणजे झालं असं वाटलं पण आत ओलंच. आणि गरम गरम डब्यात झाकण लावलंत तर वाफ जाणार कुठे, तिचं पाणी होऊन परत बिस्किटांवरच पडतं. बुरशीला याहून चांगलं घर नाही.

मी कसं करते सांगते. भोपळ्याची साल, देठ, मधला दोऱ्यांचा गर सगळं काढायचं. कच्चा असतानाच एक कण जिभेवर ठेवून बघायचा, कडू लागला तर अख्खा भोपळा फेकायचा, कारण तो कडवटपणा ज्याने येतो ते कुकरबिटासिन शिजवूनही जात नाही आणि माणूस काय कुत्रा काय दोघांचंही पोट उठवतं. मग वाफवायचा, पाण्यात उकडायचा नाही. लगदा चाळणीवर तासभर निथळत ठेवायचा, खाली वाटीत किती पाणी जमतं बघा, थक्क व्हाल. डब्यातला तयार लगदा घेणार असाल तर यादीत फक्त भोपळा हा एकच शब्द हवा, पाय फिलिंग (pie filling, म्हणजे गोड पायमध्ये भरायचं सारण) लिहिलेला डबा नको, त्यात साखर आणि तेच जायफळ असतं.

निथळलेला लगदा २०० ग्रॅम, अंडं एक, ओट्स मिक्सरवर दळून २५० ग्रॅम. बस. मीठ नाही, गूळ नाही, मध नाही, दूध नाही. दहा मिनिटं झाकून ठेवलं की ओट्स पाणी पितात आणि पीठ आपोआप हाताला सुटतं, म्हणजे लगेच जास्तीचं पीठ घालायची घाई करायची नाही. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून पाव इंच किंवा त्याहून पातळ लाटायचं आणि सुरीने बारीक चौकोन पाडायचे, माझे नव्वदच्या आसपास होतात. कुत्र्याच्या आकाराचे साचे फोटोपुरते ठीक आहेत, त्या शेपट्या आधी जळतात.

१७५ डिग्रीवर अर्धा तास, मग पलटून अजून दहाएक मिनिटं, मग ओव्हन बंद करून आतच सोडून द्यायचे, मी रात्री करते आणि सकाळी काढते. झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. काट्यावर ठेवा! कच्चं पीठ ५०० ग्रॅम भरतं, नीट वाळलं की २८० च्या आसपास येतं. साडेतीनशे दाखवत असेल तर आत अजून सत्तरेक ग्रॅम पाणी आहे समजा. तोडल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे, वाकलं तर परत आत. पूर्ण गार झाल्यावरच डबा. आणि मऊ राहिले तर मऊच ठेवा हवं तर, फक्त ते फ्रीजमध्ये चारेक दिवसात संपवायचे नाहीतर फ्रीजर.

ते ठिपकेवाले चार काढून बाकीचे देऊ नका हं. सगळाच डबा फेकायचा. काही बुरशांच्या विषाने कुत्र्यांना थरथर, झटके येतात, आणि डोळ्याला दिसते ती बुरशी अर्धीच असते.

गप्प_बसवेना

लोकहो, एक सांगू का, रागवू नका. हे लाटणं, कापणं, वजनं करणं, रात्रभर ओव्हनमध्ये झोपवणं नक्की कोणासाठी चाललंय? भोपळा द्यायचाय ना, मग वाफवलेली फोड गार करून द्या की. आमचा टफी चौकोन की हाड की हृदयाचा आकार बघतच नाही, चावतो की नाही हीच शंका आहे.

किलोवार

@गप्प_बसवेना खवचट बोललात पण मुद्दा बरोबर पकडलात. मी आकडे मांडून दाखवतो, मला तेवढंच जमतं.

मोतीच्या आईच्या आधीच्या घाण्यात भोपळा २०० ग्रॅम, त्याच्या कॅलरी ४० फक्त. अंडं ७०, दूध ६०, पीनट बटर १९० च्या आसपास, आणि ३०० ग्रॅम ओट्सच्या जवळजवळ ११७०. एकूण दीड हजाराच्या वर. म्हणजे आपण ज्याला भोपळ्याचं बिस्किट म्हणतोय ते खरं तर ओट्सचं बिस्किट आहे, भोपळा रंगापुरता. ४० बिस्किटं म्हणजे एकात ३८ कॅलरी.

आता मोतीला लागतात किती. वजन गुणिले ३० अधिक ७० हा ढोबळ हिशोब, म्हणजे ३७०, नसबंदी झालेल्या, वयाने मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे ६०० च्या जवळ. त्यातला दहावा हिस्सा ट्रीट्सना, ६० कॅलरी. तुम्ही आठ देत होता म्हणजे ३०० च्या वर. दिवसाचं निम्मं जेवण! आणि जेवणही तेवढंच देत असणार, हो ना?

पिठाळताईंच्या पद्धतीने केलीत, दूध आणि पीनट बटर वगळून, तर सगळ्या घाण्याच्या १०८० होतात, ९० तुकडे, एकाच्या १२. म्हणजे दिवसाला पाच. फक्त पाच, आणि त्या दिवशी दुसरी कुठलीच ट्रीट नाही. कमी वाटत असतील तर तुकडा अजून अर्धा करा, कुत्रा संख्या मोजतो वजन नाही.

पोटाचं म्हणाल तर भोपळ्यातला विरघळणारा फायबर पाणी धरून ठेवतो. शी पातळ असेल तर तिला बांधतो, कडक असेल तर तिच्यात पाणी राखून मऊ करतो, म्हणून दोन्हीकडे कामाला येतो. पण सवय नसताना एकदम फायबर वाढला की तोच पोट ढिलं करतो, ओट्समध्येही फायबर असतोच, आणि वर दूध, जे बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. केशरी रंगाला घाबरू नका, तो भोपळ्याचाच. एकदोन दिवस ट्रीट्स बंद ठेवा. तरी थांबलं नाही, रक्त दिसलं किंवा मलूल झाला तर मात्र आमचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर.

नवीन_पिल्लूवाला

मध्येच घुसतोय, बियांचं काय करायचं? कोणीतरी म्हणालं भोपळ्याच्या बिया दळून दिल्या की जंत पडतात, औषध लागत नाही. माझं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. आणि भोपळा त्याला आत्ता चालेल का?

शेपूटहलव्या

जंतांचं औषध थांबवू नका प्लीज. बियांमध्ये कुकरबिटिन नावाचं काहीतरी असतं त्यावरून ती गोष्ट पसरली आहे, पण घरी दळलेल्या चमचाभराने पिल्लाचे जंत जातील यावर विसंबून राहायचं नाही, आणि पिल्लांना जंत खरंच महागात पडतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध दिलेल्या तारखेला. मोठ्या कुत्र्याला बिया द्यायच्याच तर बिनमिठाच्या, भाजून, सोलून, दळून, जेवणावर चिमूटभर. अख्ख्या नकोत, घशात अडकतात.

पिल्लाला वाफवलेला गार लगदा जेवणात अर्धा चमचा, दोन दिवस बघा, मग पुढे. त्याचं पोट बिघडलं तर मात्र मोठ्या कुत्र्यासारखं एकदोन दिवस थांबायचं नाही, पिल्लं फार पटकन पाणी गमावतात.

पिठाळ_हात

एक राहिलंच. किडनीचा त्रास किंवा डायबेटीस असलेल्या कुत्र्याला भोपळासुद्धा डॉक्टरांना विचारून द्या, त्यात पोटॅशियम बऱ्यापैकी असतं. आणि ज्यांना गहू चालतो त्यांनी ओट्सऐवजी कणीक घेतली तरी काही बिघडत नाही. ग्रेन फ्री (धान्याशिवायचं) म्हणजे आपोआप जास्त हेल्दी असं नसतं, काही कुत्र्यांना गव्हाची ॲलर्जी असते तर काहींना चिकनची, आपल्याला कसली आहे ते बघायचं.

मोतीची_आई

नऊ दिवसांनी येतेय, अपडेट द्यायचं होतं.

पहिलं म्हणजे ट्रीट्स बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शी जागेवर आली. @किलोवार, हो, जेवण तेवढंच देत होते. वाचून गप्प बसले जरा वेळ.

मग पिठाळताईंच्या प्रमाणाने केली. लगदा निथळल्यावर वाटीत अर्ध्याच्या वर पिवळं पाणी!! पीठ खरंच दहा मिनिटांत सुटलं हाताला. अर्ध्या तासाने ट्रेमधली सगळी काट्यावर घेतली तर ३९०, आणि दिसायला अगदी तयार, मागच्या वेळी मी इथेच थांबले होते. रात्रभर आत सोडली, सकाळी २८५. कट्ट आवाज आला, तो ऐकून मोती दुसऱ्या खोलीतून धावत आला. आज सातवा दिवस, एकही मऊ नाही, ठिपका नाही.

पण खरं सांगायचं तर बिस्किटं आता फक्त बस, थांब, ये शिकवताना, एकाचे दोन तुकडे करून. रोजचं म्हणून गप्प_बसवेनांचं ऐकलं, फक्त फोडीऐवजी लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये भरला, एका खणात दोन चमचे, दहा कॅलरीच्या आतच बसतं. घट्ट क्यूब तसाच दिला तर गिळायला जातो म्हणून पाच मिनिटं बाहेर ठेवून ताटलीत चेपून देते, मग चाटत बसतो, फरशी पण चाटून होते, माझं पुसायचं वाचतं.

गप्प_बसवेना

मला नावाने हाक मारून बरोबर ठरवलंत, आता हे घरच्यांना दाखवतो. ट्रे कसला आहे? आमच्या प्लास्टिकच्या ट्रेतून लगदा सुटतच नाही, चमच्याने खणून काढावा लागतो.

मोतीची_आई

सिलिकॉनचा, खालून अंगठ्याने दाबला की टुणकन बाहेर. प्लास्टिकचाच वापरायचा तर अर्धा मिनिट उलटा करून नळाच्या पाण्याखाली धरा. आणि सगळे एकदम काढून पिशवीत भरून ठेवा, दोन महिने सहज राहतात. पिशवीवर तारीख लिहा नाहीतर माझ्यासारखं कोणीतरी त्याचं सूप करायला घेईल.