कुलकर्णी परिवार ग्रुप : नंदूची शुगर ९.४

मुग्धा (स्लाउ, इंग्लंड): सर्वांना नमस्कार. काल मी रात्रपाळीला असताना ह्यांना दोन बेसनाचे लाडू खायला कोणी सांगितलं?

मीनाआत्या: अगं, वहिनींनी मशीनचा फोटो टाकला होता ना. ९.४. नंदूला गरगरतंय म्हणाल्या.

बापूकाका: मी सांगितलं. शुगर ७०च्या खाली गेली की गोड द्यायचं असतं. इथे तर नऊ!!

मुग्धा: काका, इथलं मशीन वेगळ्या मापात दाखवतं. आकड्याला १८ ने गुणायचं. ९.४ म्हणजे आपल्याकडचे १६९. लाडवांनंतर १४.१, म्हणजे २५४.

सुनील: खरंच नऊ असती तर दादाच्या फोटोला हार लागला असता 😂

मीनाआत्या: सुन्या, शुभ बोल रे.

बापूकाका: असो. जांभूळ बी चूर्ण, एक चमचा, अनशापोटी. वहिनींच्या बॅगेत मी स्वतः दिलंय.

नंदू: मला काही त्रासच नव्हता. चाळिशीनंतर इथे तपासणीला बोलावतात म्हणून गेलो. ६१ किलोचा माणूस मी, मला डायबेटिस कसा झाला?

सायली (पुणे): नंदूदादा, आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला होता. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९ टक्के, याज्ञिकांची २१. म्हणून तिकडे गोऱ्यांचा बीएमआय २५ ला जास्त धरतात, आपला २३ लाच.

सुनील: म्हणजे बापूकाका वरून काटकुळे, आतून लोणी.

बापूकाका: तू आधी घरपट्टीचे पैसे दे.

सुनील: मार्चमध्येच पाठवलेत. स्क्रीनशॉट वर आहे. बघा जरा.

आई: मला वाटलं पोर चक्कर येऊन पडतंय. त्या नर्सबाईंच्या कागदावर पास्ता, बटाटा, ब्रेड. भाकरीचं चित्रच नाही. मी काय करून घालू?

मुग्धा: आई, तुमच्यावर राग नाही. पण संकष्टीला 'उपास' म्हणून साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेतली ह्यांनी. तो कागद मी फ्रिजवरून काढलाय. भाताला आता तुमची आमटीची वाटी. एकच, सपाट. शीग नाही.

बापूकाका: जांभूळ बी चूर्ण. अनशापोटी.

मीनाआत्या: गोळ्या इथून पाठवू का गं? तिकडे महाग असतील.

मुग्धा: नको आत्या. शुगरच्या गोळ्या चालू असल्या की इंग्लंडमध्ये औषधं फुकट, एक फॉर्म भरायचा. घेतल्या तर ना पण! मंडळातलं कोणी घरी आलं तर दिसू नये म्हणून डबी मोज्यांच्या खणात.

नंदू: हे ग्रुपवर कशाला?

मुग्धा: लाडू ग्रुपवर विचारून खाल्लेत म्हणून.

(दुसऱ्या दिवशी)

आई: आज उपाशीपोटी ७.१. भावजी, गुणा १८ ने.

बापूकाका: १२८. वहिनी, चूर्ण लागू पडलं!

मुग्धा: पुडी अजून बॅगेतच आहे, काका.