शार्क्सची ग्रुप तिकिटं: जागा खाली की वर? (यादी शुक्रवारी बंद)

प्रेषक: भाऊ, क्रीडा समिती

मंडळी, नमस्कार.

सॅन होजे शार्क्सच्या आइस हॉकी सामन्याची तारीख ठरली आहे, ती चर्चा आता पुन्हा नको. अडलंय ते जागांवर. आपल्यासाठी दोन गठ्ठे राखून ठेवलेत:

(अ) खालचा मजला, शंभराचे सेक्शन, गोलच्या मागे. थोडं महाग.
(ब) वरचा मजला, दोनशेचे सेक्शन, मधल्या लाल रेषेच्या आसपास. पायऱ्या उभ्या आहेत.

दोन्हीकडे अर्धे-अर्धे बसलो तर ग्रुपचा दर मिळत नाही, त्यामुळे एकच निवडायचं आहे. बहुतेकांनी "मुलांना सेलेब्रिनी (शार्क्सचा तरुण स्टार खेळाडू) जवळून दिसू दे" असं लिहिलंय. माझं मत (ब). कारणासकट मत कळवा, नुसतं "+1" नको.

---

प्रेषक: वहिनी, फ्रीमाँट

(अ). मुलं पहिल्यांदा येणार. वरून त्यांना ठिपके दिसतील. खाली काचेवर माणूस आदळतो तो आवाज, स्केटची घासणी, गोलीचं (गोलरक्षकाचं) ओरडणं, हे सगळं कानावर येतं.

फक्त कुठला गोल ते नीट विचारून घे. सामन्याचे तीन पीरियड, म्हणजे भाग, असतात आणि दर पीरियडला बाजू बदलतात. पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला प्रत्येक संघ आपल्या बाकाजवळचा गोल राखतो आणि लांबच्या गोलवर चाल करतो. म्हणजे शार्क्सच्या बाकापासून लांबचा जो गोल, त्याच्या मागे बसलो तर तीनपैकी दोन पीरियड ते आपल्याच दिशेने येतील. उलट्या टोकाची तिकिटं गळ्यात मारली तर एकच पीरियड.

---

प्रेषक: नाना

वहिनी, टोकाचा हिशेब बरोबर आहे, पण जाळीचं काय? 2002मध्ये लीगने (एनएचएलने) दोन्ही टोकांना काचेच्या वर जाळी सक्तीची केली. गोलच्या मागे थोडं वर बसलं की सगळा खेळ त्या जाळीतून बघायचा. डोळ्यांना पाच-दहा मिनिटांत सवय होते. फोनला होत नाही, त्याचा फोकस जाळीवर अडकतो आणि मागचे खेळाडू धुरकट येतात. अर्धी मंडळी फोटोसाठीच येतात, त्यांना हे आधी सांगून ठेवा.

दुसरं, रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची. समोरच्या टोकाला काय चाललंय ते गोलमागून कळतच नाही, मग माणसं छताच्या पडद्याकडे बघत बसतात.

आणि मुख्य मुद्दा. सेलेब्रिनी सेंटर, म्हणजे चालीच्या फळीतला मधला खेळाडू आहे. पक त्याच्याकडे असते तेव्हा तो कुठूनही दिसेल. तो बघायचा असतो पक नसताना. समोरचा संघ आपल्या गोलजवळ आला की हा मुलगा पार खाली, फेस-ऑफ वर्तुळाच्याही (पक टाकून खेळ सुरू करतात ती जागा) खाली उतरतो आणि बचावपटूला तिसरा हात देतो. पक सुटली की दोन-तीन पावलांत मधल्या पट्ट्यात येऊन पास मागतो. तो पास मिळाला तर चाल सुरू, नाही मिळाला तर पक पुन्हा आपल्याच गळ्यात. गोल खायची वेळ याच क्षणी येते. हा सगळा आकार वरूनच दिसतो. खालून नुसत्या पाठी दिसतात.

दुसऱ्या पीरियडला तर वरच बसायला हवं. बाजू बदलल्यामुळे बाक आपल्या बचावापासून लांब जातो. एरवी 40-45 सेकंदांत खेळाडू बदलतात. तेव्हा मात्र थकलेले पाच जण बाकापर्यंत पोचू शकत नाहीत आणि तिथेच अडकतात. कोण अडकलंय, कोण हळूच सटकतोय, हे मुलांना बोटाने दाखवता येतं. मी (ब).

---

प्रेषक: खजिनदार

जागा कुठलीही घ्या, अनामत कुठल्या खात्यातून? गणपतीच्या खात्याला हात लागणार नाही, हे बैठकीत ठरलंय. क्रीडा समितीने आपली वर्गणी आधी गोळा करावी. तिकिटं फोनवर येतात आणि एकाच्या नावावर येतात, त्यामुळे ज्याचे पैसे आले त्यालाच पुढे पाठवायची. नंतर कोणी गळालं तर परतावा नाही.

शिवाय एक सरळ प्रश्न. हा संघ 2023-24 आणि 2024-25 अशी ओळीने दोन वर्षं लीगमध्ये शेवटचा आला. दुसऱ्या वर्षी 82 पैकी 20 सामने जिंकला. लोक याच्यासाठी पैसे भरतील याची खात्री काय?

---

प्रेषक: अण्णा, कुपर्टिनो

> 82 पैकी 20 सामने जिंकला

आकडा बरोबर आहे, पण अर्धाच आहे. 2024-25चा हिशेब 20 विजय, 50 पराभव आणि 12 सामने जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू एकट्या गोलीसमोर) गेलेले पराभव. विजयाला दोन आणि त्या बारांना प्रत्येकी एक गुण मिळतो, म्हणून 52 गुण. आदल्या वर्षी 19-54-9, 47 गुण. कागदावर सुधारणा पाच गुणांची, खेळात बरीच जास्त.

मोसम कसा गेला ते बघा. 10 ऑक्टोबरला पहिलाच सामना, सेंट लुईसविरुद्ध, घरच्या मैदानावर. 18 वर्षांच्या सेलेब्रिनीचा पहिल्याच रात्री एक गोल, एक असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास). सामना जादा वेळेत 5-4 असा हरला आणि सेलेब्रिनी दुखापतीने 12 सामने बाहेर. तो नसताना गाडी 0-7-2पर्यंत घसरली. पहिला विजय ऑक्टोबरच्या अखेरीस युटामध्ये, तोही जादा वेळेत. पाच नोव्हेंबरला तो परतला आणि उरलेले सगळे सामने खेळला. 70 सामने, 25 गोल, 38 असिस्ट.

मग संघ शेवटचा का? कारण व्यवस्थापक माइक ग्रीअरने मोसम चालू असताना संघ विकायला काढला होता. डिसेंबरमध्ये गोली ब्लॅकवुड कोलोरॅडोला गेला. फेब्रुवारीत ग्रॅनलंड आणि सेसी डॅलसला, मार्चमध्ये वॉलमन एडमंटनला आणि झेटरलंड ओटावाला. बदल्यात आले ते मुख्यतः पुढच्या ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडायचे) हक्क आणि कोवळी पोरं. म्हणजे ज्या महिन्यांत हा मुलगा रंगात येत होता, त्याच महिन्यांत त्याच्या आजूबाजूचे अनुभवी पाय काढून घेतले जात होते. एप्रिलमध्ये मिनेसोटाविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, संघाने सात गोल केले आणि सामना जादा वेळेत 8-7 असा हरला. सात गोल करून हरणारा संघ बघायला कंटाळवाणा नसतो, खजिनदारताई.

आणि 1992-93 आठवा. काऊ पॅलेस या जुन्या मैदानातला दुसरा मोसम, 11 विजय, 71 पराभव. तेव्हाही लोक यायचे.

---

प्रेषक: ताई, सनीव्हेल

अण्णा, तुम्ही लिहिलंय त्यातून "मुद्दाम हरले" असा अर्थ निघतो. तो मुलांसमोर काढू नका. खेळाडू हरायला उतरत नाही, त्याचं पुढचं कंत्राट त्याच आकड्यांवर ठरतं. कोच वॉर्सॉफ्स्कीचंही तेच. शेवटचा येणं हा कमकुवत फळीचा परिणाम आहे, आणि ती फळी संघाच्या कार्यालयाने निवडलेली असते.

शेवटचं येऊन हमखास काही मिळतं हाही गैरसमज आहे. ड्राफ्टच्या लॉटरीत शेवटच्या संघाला पहिल्या निवडीची शक्यता 25.5 टक्के, म्हणजे चारात एकदा. 2024मध्ये लागली, म्हणून सेलेब्रिनी आला. 2025मध्ये नाही लागली. आयलँडर्स 3.5 टक्क्यांवरून वर उडी मारून पहिले आले, त्यांनी शेफर घेतला, आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकावर मायकेल मिसा. लॉटरीत शेवटचा संघ जास्तीत जास्त तिसऱ्या क्रमांकापर्यंत घसरतो, एवढंच काय ते संरक्षण.

सेलेब्रिनी चांगला आहेच, पण 2024-25मध्ये त्याचा प्लस-मायनस उणे 31 होता. बचावात तो तेव्हा कच्चा होता, हेही सांगायला हवं.

---

प्रेषक: नाना

> त्याचा प्लस-मायनस उणे 31

हा आकडा असा सुटा वापरणं मला अजिबात मान्य नाही. तो कसा होतो ते बघा. समसमान खेळाडू असताना गोल झाला की बर्फावरच्या पाचांना अधिक एक, खाल्ला की उणे एक. पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) केलेले गोल मोजत नाहीत, त्यामुळे त्यातली त्याची कमाई इथे शून्य.

आता हरणाऱ्या संघाचं शेवटचं दीड-दोन मिनिटं बघा. एका गोलने मागे असलात की गोली काढून सहावा खेळाडू आणतात. त्या वेळी बर्फावर कोण? संघातले सर्वांत चांगले सहा, म्हणजे सेलेब्रिनी असणारच. पक निसटली, रिकाम्या गोलमध्ये गेली, की उणे एक त्याच्या नावावर. 62 पराभवांच्या मोसमात हे किती वेळा घडत असेल, विचार करा. त्या मोसमात सामन्यामागे जवळजवळ 20 मिनिटं तो बर्फावर असायचा, तेही समोरच्या पहिल्या फळीविरुद्ध, मागे रोज बदलणारी बचावजोडी. बचावात चुका व्हायच्या, फेस-ऑफही बरेच हरायचा, 18व्या वर्षी समोर 28 वर्षांचा गडी असायचा. पण उणे 31 हा प्रामुख्याने संघाचा आकडा आहे.

---

प्रेषक: वहिनी, फ्रीमाँट

नाना, मग त्या वर्षीची काल्डर (सर्वोत्तम नवख्या खेळाडूची ट्रॉफी) का नाही मिळाली? ती मिळालेल्या लेन हटसनला 66 गुण (गोल अधिक असिस्ट), सेलेब्रिनीला 63. पण हटसन 82 सामने खेळला, हा 70. सामन्यामागे याचे जास्त. मतदानात सेलेब्रिनी तिसरा, कॅल्गरीचा गोली वुल्फ दुसरा.

---

प्रेषक: नाना

हटसन बचावपटू आहे, वहिनी. बचावपटूने पहिल्या वर्षी 60 असिस्ट करणं फारच दुर्मीळ. मत त्याला गेलं ते योग्यच.

---

प्रेषक: ताई, सनीव्हेल

काल्डर बाजूला ठेवा, येण्या-जाण्याचं कोणीच लिहीत नाहीये. डिरिडॉन स्टेशन टँकच्या (शार्क्सच्या स्टेडियमच्या) समोरच आहे. सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टोवाल्यांनी कॅलट्रेनने या, परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा. सामना जादा वेळेत गेला तर पाच मिनिटं तीन-विरुद्ध-तीन, मग शूटआउट. शेवटची घाई तिथेच होते. फ्रीमाँटवाल्यांना गाडीच बरी, पण पार्किंग सामन्याच्या तासभर आधी गाठा.

बर्फ उणे चार-पाच अंशांवर असतो. वर जरा ऊब, खाली काचेजवळ गारठा. खाली बसलात तर मुलांना पायमोजे जाड आणि जॅकेट हवंच. गोल झाला की भोंगा वाजतो, तान्ह्या मुलांच्या कानांवर लावायचे मफ विसरू नका. डबे आत नेता येत नाहीत, थालीपीठ गाडीत संपवा.

---

प्रेषक: अण्णा, कुपर्टिनो

एक राहिलं. 2025च्या उन्हाळ्यात बचावासाठी ऑर्लॉव्ह आणि क्लिंगबर्ग आणले, गोलमध्ये अस्कारॉव्हच्या जोडीला नेडेलकोविच. म्हणजे सेलेब्रिनीच्या मागे कोणीतरी पहिला पास देणारं आलं. नाना म्हणतात तो मधल्या पट्ट्यातला पास बघायचा असेल तर (ब) घ्या. मीही (ब).

---

प्रेषक: भाऊ, क्रीडा समिती

सगळी मतं आली. (ब) घेतोय. वहिनी, मुलांचं जवळून बघणं वॉर्म-अपला होईल. सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी दोन्ही संघ 16 मिनिटांसाठी बर्फावर येतात. दारं उघडताच आत शिरायचं, शार्क्सच्या बाजूच्या कोपऱ्यात काचेपाशी जायचं, तिथल्या माणसाला विचारून उभं राहायचं आणि संपलं की वर. तिथे जाळी आड येत नाही, फोटो स्वच्छ येतात. सेलेब्रिनीचा क्रमांक 71, त्याचा सहकारी विल स्मिथचा 2.

वरच्या मजल्यावर अगदी पहिली ओळ घेत नाहीये, तिथे बसल्यावर पुढचा कठडा लहान मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. चौथ्या ओळीपासून पुढे मागतोय. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वेगळं कळवा, त्यांना जिन्याच्या कडेची जागा देतो.

अनामत क्रीडा समितीच्या वर्गणीतून, गणपतीच्या खात्यातून नाही. खजिनदारताई, यादी आणि पैसे गुरुवारी रात्री तुमच्याकडे देतो. फ्रीमाँटची नावं वहिनींकडे द्या, बाकीची माझ्याकडे. मुलांची वयं लिहा.

---

प्रेषक: खजिनदार

गुरुवारी रात्री नऊच्या आत. त्यानंतर आलेली नावं प्रतीक्षायादीत.